वस्तीपासून तुटलेला शिक्षक नको!

शिक्षकाने वर्गात धडा शिकवावा आणि घंटा होताच आपल्या घरी जावे. मुलाची वस्ती, त्याचे घर, त्याच्या आईबापांचा धर्म यांच्याशी त्याला काय करावयाचे आहे, असा प्रश्न हल्ली मोठ्या शहाजोगपणे विचारला जातो. हे मत दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मुलांना याइतके घातक दुसरे मत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

मूल शाळेत येते ते एकटे येत नाही; त्याच्या पाठोपाठ त्याचे घर येते. कोणाला ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जावे लागते, कोणाला आई मजुरीस गेली म्हणजे धाकट्या भावंडास सांभाळावे लागते. ज्या शिक्षकाने त्या घराचा उंबरठा कधी ओलांडला नाही, त्याच्या हजेरीपुस्तकात ते मूल केवळ 'गैरहजर' असते आणि त्याच्या मनात 'आळशी'. ज्याने ते घर पाहिले आहे, तो शिक्षा करण्यापूर्वी विचारपूस करतो. ज्या मुलाची अशी विचारपूस होते, ते दुसऱ्या दिवशी शाळेत येते. अभ्यासाची गोडी म्हणतात ती येथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. घरी त्रिशरण-पंचशील म्हणणारे मूल शाळेत जुन्या जातीच्या नावाने हिणविले जात असेल, तर त्याने घराला खरे मानावे की शाळेला? शिक्षक विहारात कधी फिरकलाच नसेल, तर त्या मुलाच्या मनातील ही झुंज त्याला कळणार कशी? आणि जे कळत नाही त्यावर तो इलाज काय करणार?

आमच्या धम्मात या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आचार्यास दक्षिण दिशा म्हटले असून त्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. उत्तम वळण लावावे, नीट समजेल असे शिकवावे आणि विद्या हातची राखू नये, ही तीन झाली. परंतु शिष्याच्या इष्टमित्रांत त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे, ही पुढची दोन कर्तव्ये वर्गाच्या चार भिंतींत बसून पार पाडता येतील काय?

महात्मा जोतीराव फुले यांनीही हेच दुखणे ओळखले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांसाठी शक्यतो शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, अशी मागणी केली. असे शिक्षक लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील. सोवळे राखून दूर राहणाऱ्यास ते साधणार नाही, हे त्यांचे कारण होते.

यावर काही जण म्हणतील, 'म्हणजे तुम्हाला आपल्याच जातीचे शिक्षक हवेत!' हा आरोप खोटा आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेस जे महाविद्यालय उघडले, त्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस हे अस्पृश्य समाजात जन्मलेले नव्हते. तरीही त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहून दलितांच्या युगानुयुगांच्या दुःखाला वाचा फोडली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते रंगभूमीवर आणले. जन्माने परका असलेला शिक्षक नात्याने आपला होतो, तो असा. उलट, जन्माने आपला असून नात्याने परका झालेला शिक्षकही आम्ही पाहतो. वस्तीतील लोकांनी ज्याचे कौतुक केले, तो नोकरी लागताच शहरात बिऱ्हाड करतो आणि वस्तीची वाट विसरतो. शिकलेली माणसे केवळ आपले पोट भरण्यात गुंतली, ही व्यथा बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यास बोलून दाखविली होती. ती व्यथा या शिक्षकाला आजही लागू आहे. त्याला आमचा सवाल आहे: तुझ्याकडे पाहून जे मूल 'मीही शिकेन' असे म्हणाले असते, त्याला तू दिसतोस तरी कोठे?

बंधूंनो आणि भगिनींनो, शिक्षकाने वस्तीशी संबंध ठेवावा ही मेहेरबानी नव्हे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची ग्रहणशक्ती आणि प्रगती त्यांना सांगणे हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ ने शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले आहे. याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. ही जागा आमच्या किती माताभगिनींनी मागितली आहे? कायदा कपाटात ठेवून हक्क मिळत नसतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. पालकसभेस मजुरी बुडाली तरी जा. समितीत आपली जागा मागून घ्या. बुद्धजयंतीस आणि १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनास गावातील प्रत्येक शिक्षकाला, तो कोणत्याही जातीधर्माचा असो, विहारात सन्मानाने बोलवा. जो येईल त्याला आपला माना. जो मुलाला जातीवरून हिणवील, त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार करण्यास कचरू नका. पहिले पाऊल शिक्षकाने टाकावे हा न्याय आहे. पण तो टाकीत नसेल तर आपण टाकू. कारण यात शिक्षकाचा पगार बुडत नाही, आपल्या मुलांचे आयुष्य बुडते.

जय भीम!