गोलानचा बहिष्कार

सीरियाच्या गोलान पठाराचा मोठा भाग इस्रायलने १९६७ साली बळकावला व १४ डिसेंबर १९८१ रोजी त्यावर आपला कायदा लादला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ४९७ अन्वये हे कृत्य रद्दबातल ठरविले. इस्रायली नागरिकत्व धुडकावून तेथील द्रूझ जनतेने फेब्रुवारी १९८२ मध्ये सार्वत्रिक संप पुकारला. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथे प्रथमच स्थानिक निवडणुका पुकारण्यात आल्या. प्रमुखपदाची उमेदवारी मात्र इस्रायली नागरिकांपुरतीच होती. मज्दल शम्सच्या बहुसंख्य मतदारांनी मतपेटीकडे पाठ फिरविली. हा लोकशाहीचा द्वेष नव्हे. उमेदवारीसाठी राष्ट्रीयत्व गहाण टाकावे लागत असेल, तर हाती दिलेली मतपत्रिका हा हक्क नसून शरणागतीचा दस्तऐवज ठरतो. आक्रमणाला निवडणुकीने वैधता लाभत नाही!