वेशीवरचे वीरगळ

पिंपरीस 1954 सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, 1982 सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि पुढें चाकणचीं शेतें मोटारींच्या कारखान्यांखालीं गेलीं. ह्या उद्योगाचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु नवा पाया खणतांना जुना दस्तऐवज फाडावा, हें कोणत्या शहाणपणांत बसतें?

हा दस्तऐवज म्हणजे महाराष्ट्रांतील जुन्या गांवांच्या वेशींवर व देवळांच्या आवारांत उभे असलेले वीरगळ. खालच्या चौकटींत पडलेला वीर, कित्येकदां शेजारीं गाईगुरें, त्यावर लढाई, त्यावर त्यास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, आणि वर शिवलिंगापुढें हात जोडलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य, अर्थ हा कीं, ते आहेत तोंवर ही कीर्ति राहो. 1660 सालीं चाकणचा किल्ला लढविणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याचें नांव इतिहासांत राहिलें. पण गुरें राखतांना पडलेल्या अनामिक गांवकऱ्याची बखर हा दगडच होय.

कोणी म्हणतील, सर्व दगड संग्रहालयांत नेले म्हणजे झालें. आम्हांस हें मान्य नाहीं. ज्या कागदाचा ठावठिकाणा लागत नाहीं, त्याचा पुरावा लंगडा पडतो, हें कोर्टाची पायरी चढलेला कोणताही व्यापारी सांगेल. परळ येथें 1931 सालीं रस्त्याचें काम चालू असतां शिवाचें भव्य शिल्प सांपडलें. मूळ शिल्प परळच्याच देवळांत राहिलें व त्याचा ठसा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत गेला. भक्तास देव मिळाला, अभ्यासकासही दर्शन घडलें!

1972 च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील शिल्प ही पुरावस्तु ठरते व खाजगी माणसास ती परदेशीं धाडतां येत नाहीं. परंतु चोरास धाक घालणारा कायदा, वीरगळ पायाच्या भरावांत लोटणाऱ्या अज्ञानास कसा आवरणार? म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीनें व महानगरपालिकेनें अशा दगडांची जागा, माप व छायाचित्र यांसह नोंद करावी. कारखानदारांनीं आपल्या आवारांतील वीरगळास चौथरा व छप्पर द्यावें. त्यास तैलरंग मात्र फांसूं नये. जागाच नाहींशी होत असेल तेथें दगड संग्रहालयांत जावा, पण पाटीवर गांवाचें व स्थळाचें नांव कोरूनच.

कारखान्याच्या हिशेबांत हा खर्च किरकोळ आहे. ज्यांच्या रक्तानें ही भूमि राहिली, त्यांचें एवढें देणें आपण फेडणार कीं बुडविणार?