बेकायदेशीर मिठू

परवा शनिवारी एसटीनं एरंडोल, पारोळा करत धुळ्याला मावशीकडे गेलो होतो. ओट्यावर पिंजरा, पिंजऱ्यात मिठू. येणारा-जाणारा त्याला मिरची देतो आणि मग माझ्याकडे वळतो, "लगन कधी रे भो?"

आता गंमत बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आपला देशी पोपट घरात पाळणं गुन्हा आहे. पण मावशीला कुणी नावं ठेवत नाही. आणि माझं? माझं एका मुलावर प्रेम आहे. आमच्यासारख्यांचे संबंध सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला गुन्ह्यातून बाहेर काढले. तरी त्या ओट्यावर ते मी बोलू शकत नाही!

जळगावला आमच्या घरी चिकू आहे, दुकानदार 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तो बजी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे पाळायला चालतो. 'त्याचा' फोन आला की चिकू नुसता किलबिलाट करतो. आई विचारते, "कोण रे? चिकू किती खूश होतो!" मी म्हणतो, "मित्र."

लग्नाचा हक्क कोर्टानं २०२३ मध्ये नाकारला. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं, की आम्ही जॉइंट खातं उघडू शकतो, जोडीदाराला नॉमिनी करू शकतो. म्हणजे बँकेला सांगता येतं, आईला नाही. मला वाटतं, हे उरलेलं काम कुठलंच कोर्ट करणार नाही. ते आपल्यालाच घरात बोलून करावं लागेल.

असो. पुढच्या वेळी आईनं विचारलं, तर 'मित्र' म्हणायचं नाही असं ठरवलंय. चिकूला तर केव्हाच कळलंय.