राजीनामा दिला म्हणजे पगार सोडला असं नाही!

मंडळी, परवा कामशेतकडचा एक पोरगा भेटायला आला. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये तीन वर्षं वेटर होता. महिन्याची नोटीस देऊन रीतसर नोकरी सोडली. शेवटचा पगार नाही, बोनस नाही. विचारलं तर म्हणे, "सोडून जाणाऱ्याला कसला बोनस? हिशेब तीन महिन्यांनी बघू."

हे उत्तर मावळात नवं नाही. हॉटेल असो नाहीतर तळेगाव-टाकवेचा कंत्राटदार, पालुपद तेच. सगळे तसे नाहीत, पण जे आहेत त्यांनी नीट वाचावं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. कलम १७ सांगतं, कामगाराला काढलं काय किंवा त्याने राजीनामा दिला काय, पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. १९३६ च्या कायद्यात ही मुदत मालकाने काढलेल्यालाच होती. आता स्वतःहून सोडणाऱ्यालाही आहे.

बोनसचं म्हणाल तर २० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, पगार ठरलेल्या मर्यादेत असेल आणि वर्षात ३० दिवस काम झालं असेल, तर किमान ८.३३ टक्के. तो लगेच नाही, हिशेबाचं वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत मिळतो. बुडतो कधी? फसवणूक, चोरी, मारामारी अशा कारणांनी बडतर्फ झालात तर. राजीनामा त्या यादीत नाही!

मालक म्हणतात, पोरं ऐन सीझनला सोडून जातात. खरंय, अडचण होते. त्यासाठीच नोटीस असते. नोटीस न देता गेला तर करारातलं काय ते बघा. पण केलेल्या कामाचा पैसा ओलीस ठेवायचा नसतो.

आता आमचंही सांगतो. दिवाळी अंकाला जाहिरात याच मंडळींची, म्हणून आम्ही पत्रकार गप्प बसतो. मी स्वतः एका दैनिकाची नोकरी सोडली, तेव्हाचा दीड महिन्याचा पगार अजून यायचाय. दुसऱ्यांच्या हक्कावर बातम्या लिहिणारा मी, स्वतःसाठी एक अर्ज केला नाही. ती चूक तुम्ही करू नका.

राजीनामा लेखी द्या, पोच घ्या. पगाराच्या स्लिपा, हजेरीचे फोटो जपून ठेवा. पैसे नाही मिळाले तर कामगार खात्याकडे अर्ज करा, तीन वर्षांपर्यंत मुदत आहे. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही.

त्या पोराचा अर्ज काल आम्ही दोघांनी बसून लिहिला. अजून कुणाचा अडकलाय?