‘तुमची मराठी इतकी चांगली कशी?’

वसईहून आलेल्या, पोर्तुगीज आडनावाच्या एका विद्यार्थिनीला आम्ही वर्गात हा प्रश्न विचारला होता. घरी सामवेदी बोलणारी आणि मराठीत प्रार्थना करणारी ती मुलगी नुसती हसली. आमच्या कौतुकात तिला पाहुणी ठरविले गेले होते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

‘क्रिस्तपुराणा’चेही आम्ही हेच केले आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापला. त्यातील मराठीची थोरवी गाणाऱ्या मोजक्या ओव्या आम्ही शिकवतो, टीप लिहून घेतो आणि उरलेला ग्रंथ कपाटात ठेवतो. परकीयाने आपल्या भाषेचे गुण गायिले, एवढ्यावर आमचे समाधान होते. पण ग्रंथाचे श्रोते परकीय नव्हते. जुनी पुराणे हातून गेलेल्या, येथल्याच मातीतल्या नवख्रिस्ती माणसांसाठी ही ओवी रचली गेली. तिच्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले जाते, ते या श्रोत्यांच्या कानांसाठी.

यावर कोणी पोर्तुगीज सत्तेच्या जुलमाची आठवण देईल. ती द्यावीच. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले आणि १६८४ साली तेथे लोकभाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम निघाला. हा इतिहास वर्गात सांगितलाच पाहिजे. परंतु जुलमाचा इतिहास सांगून त्या श्रोत्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही. ज्ञानेश्वरी शिकवताना आम्ही भक्ती वगळून केवळ भाषासौंदर्य शिकवतो काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि पुढे वसईच्या वेदीवर लॅटिनच्या जागी मराठी आली. मिस्सेची, प्रवचनाची, अंत्यविधीच्या प्रार्थनेची ही मराठी आमच्या अभ्यासक्रमाच्या वेशीवरच उभी आहे. २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. आम्ही समर्थक मंडळींनी त्यांचा पर्यावरणाचा लढा पुढे केला आणि त्यांचा झगा जणू खुंटीला टांगून ठेवला. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा हात मात्र त्याच झग्यातला होता.

आता वसईचीच मुले इंग्रजीकडे वळत आहेत, असा आक्षेप येईल. वळत असतील. पुण्यातली मुलेही वळली; म्हणून आम्ही तुकाराम शिकवायचे थांबलो नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी थोरवीच्या ओव्या बाजूला ठेवून ‘दुसऱ्या पुराणा’तील क्रूसमरणाचा भाग वर्गात वाचावा, असे आम्ही ठरविले आहे. तो वाचताना भाषेबरोबर दुःखाविषयीही बोलू. आणि त्या मुलीला विचारलेला प्रश्न पुन्हा कोणालाही विचारणार नाही.