दुबळ्या जंतूची बाजू

कर्करोगाने आधीच पोखरलेल्या शरीरात जिवंत जंतू सोडायचे म्हटले की अंगावर काटा येतो. म्हणूनच प्रोस्टेटच्या कर्करोगापर्यंत जनुक पोचवायला दुबळे केलेले साल्मोनेला जंतू वापरावेत, या कल्पनेला पुष्कळजण ‘अघोरी’ म्हणून मोडीत काढतात. त्यांची भीती मला कळते, निष्कर्ष मान्य नाही.

ल्यूबेकचा दाखला हमखास दिला जातो. १९३० साली त्या जर्मन शहरात क्षयावरची बीसीजी लस पाजलेली सत्तरहून अधिक तान्ही बाळे दगावली. पण तिथे लशीत क्षयाचे जहाल जंतू मिसळले होते. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १३ वर्षे खपून, २३० वेळा वाढवून दुबळा केलेला मूळ जंतू निर्दोष निघाला. तोच जंतू मूत्राशयाच्या कर्करोगावर उपयोगी पडतो, हे कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मांडले. आज तो त्या कर्करोगावरचा रूढ उपचार आहे आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही त्यासाठी बीसीजी बनवते. मूत्राशयात औषध नळीने भरून ठेवता येते, प्रोस्टेटमध्ये नाही, हा फरक मोठा आहे. पण ‘कर्करोग्याला जिवंत जंतू कधीच देऊ नये’ हा नियम तिथेच मोडला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुबळे साल्मोनेला २५ रुग्णांना, बहुतेक मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या), शिरेतून दिले. केवळ तिघांच्या गाठींत ते सापडले आणि एकही गाठ आकसली नाही. उंदरांत जमलेले माणसांत जमले नाही, हे निमूटपणे मान्य करायला हवे. पण त्यातून सिद्ध झाले ते इतकेच, की शिरेतून सोडलेला जंतू रक्तातूनच पुसला जातो आणि गाठीपर्यंत फारसा पोचत नाही. पुढे तीन रुग्णांच्या गाठीत तो थेट सुईने टोचला. त्याच्यात एका विकराचे जनुक घातले होते. हे विकर निरुपद्रवी औषधाचे कर्करोगमारक औषधात रूपांतर करते. तिघांपैकी दोघांच्या गाठींत ते रूपांतर घडले. संख्या अगदी छोटी आहे, पण वाट दिसते.

आणि प्रोस्टेटपर्यंत सुई रोजच जाते, बायॉप्सीसाठी! ही ग्रंथी काढून टाकली तरी माणूस जगतो, त्यामुळे तिच्या निरोगी पेशी मेल्या तर ते सोसता येते. गाठीच्या प्राणवायू कमी असलेल्या भागात किरणोपचार दुबळा पडतो, साल्मोनेला मात्र तिथे तग धरतात. शिवाय जनुक विषाणूकरवीही पोचवता येते, पण विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, जंतूवर चालते.

ते नेहमी पुरेसे पडते, असे मी म्हणणार नाही. लिस्टेरिया या जंतूवर बेतलेल्या एका कर्करोग-लशीनंतर बऱ्याच काळाने रुग्णाच्या रक्तात तो जंतू सापडला आणि २०१५ मध्ये अमेरिकेत चाचण्या काही काळ थांबवाव्या लागल्या. म्हणून हार्मोनचे उपचार निष्प्रभ ठरलेल्या रुग्णांत, त्यांच्या संमतीने, जंतू सुईने द्यावेत आणि शेवटच्या मात्रेनंतरही त्यांचे रक्त वर्षानुवर्षे तपासत राहावे. अशा चाचण्यांना पैसा मिळायला हवा.