कार्डाची पाठवणी

अमेरिकेंत वाढणाऱ्या नातवंडांस खेळाडूंच्या चित्रांचीं कार्डें जमवून तीं मित्रांशीं टपालानें बदलण्याचा नाद असतो. तेथें साध्या तिकिटावर १ औंस वजन जातें. मात्र पाकीट पाव इंचाहून जाड नसावें. तें यंत्रांतून वळत जातें, म्हणून २॥ इंच रुंद व ३॥ इंच लांब कार्ड मऊ पारदर्शक पिशवींत घालून, दोन पातळ, लवचीक पुठ्ठ्यांमध्यें हलणार नाहीं असें बसवावें. कडक प्लास्टिकच्या आवरणानें पाकीट ताठ होतें व जादा हशील पडतें. साध्या पत्राचा माग लागत नाहीं. यास्तव जें हरवल्यास मूल रडेल, तें कार्ड चार पैसे वांचविण्याकरितां असें धाडूं नये.